तुला वीकनेस आहे म्हणाले होते

प्रिय आक्का,

तुझ्या दुखण्याचं नाव मला कळलंय. तू गेल्यावर दहा-बारा वर्षांनी! म्हणून आज लिहायला बसले.

तू म्हणशील, आता नाव कळून काय उपयोग, सुमे? उपयोग आहे. तुझ्या लेकीला, राणीला आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी मला तुझ्याशी थोडं भांडायचंय. तूसुद्धा आमच्यापासून लपवलंस ना? माहेरी यायचीस ती पहिल्या एसटीनं, अगदी ताजीतवानी. उन्हं कलली की "डोकं दुखतंय" म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडायचीस. आम्हाला वाटायचं, दमली बिचारी. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. एरवी कशाची शंका येत नाही मला?

राणी चार वर्षांची झाली होती, त्या दिवाळीत तू घोडेगावला माहेरी आलीस. सकाळी अंगण सारवलंस, पाणी भरलंस, माझ्या केसांत अबोलीचा गजरा माळलास. आणि दिवेलागणीला चकलीचा तुकडा तोंडात धरून नुसती बसून राहिलीस. चावेना! हनुवटीखाली हात घालून जबडा वर ढकलत होतीस. आईनं ते बघितलं आणि तुला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. न्यायचं कधी? दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे तुला काहीच झालेलं नसायचं त्या वेळी!

डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळा ओढून पाहिला. "वीक आहे. वीकनेस आहे, बाकी काही नाही," म्हणाले आणि सलाईन लावून टाकली.

बाहेर आल्यावर आईनं मला कोपरखळी मारली. "काय वीक म्हनत व्हता गं? म्हस वीक म्हनतो का काय?"

भर रस्त्यात आपण तिघी हसत सुटलो. मी कॉलेजात इंग्रजी घेतलेलं, मला कोण मिजास! म्हटलं, "आई, वीक म्हणजे अशक्त."

"मंग आशक्त म्हनायला त्याची जीभ झडती का? ज्याला सांगायचं नसतं ना, त्यो इंग्रजीत बोलतो."

आईचं ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. आजही कुणी अडलेल्या जागी इंग्रजी शब्द वापरला की माझे कान उभे राहतात.

तू मात्र तो शब्द तळेघरला सासरी घेऊन गेलीस. भोळी! तुला वाटलं, डॉक्टरनं सांगितलंय म्हटल्यावर घरातले ऐकतील. पण तुझा दीर टीव्हीवरचं ऐकून चहाच्या कपाला हात लावता लावता म्हणायचा ना, "वैनी, च्या म्हंजी आपली वीकनेस हाय." तुझ्या सासूनं त्यावरून अर्थ काढला. वीकनेस म्हणजे आवड. वीकनेस म्हणजे लाड. मग गावभर सांगत सुटल्या, "आमच्या सुनंला बसून खायाची वीकनेस हाय!"

त्यांनाही सगळा दोष कसा देऊ? तो शब्दच तसला. शाळेत मुलगा गणितात वीक, सरकारी कागदावर समाज वीक, आणि सिनेमातला नायक सांगतो की ती माझी वीकनेस आहे. एकच शब्द, त्यातून रडायचं का मिरवायचं, तुझं तू ठरव!

त्यानंतरच्या आवणीला मी तुझ्याकडे राहायला आले. आठवतंय? भाताची रोपं लावायला सगळ्या बाया खाचरात. सकाळी सगळ्यांच्या पुढं तू. तुझा हात काय चालायचा! ऊन डोक्यावर आलं आणि तुझ्या हातातली रोपाची मूठ गळून पडली. तू उचललीस. पुन्हा पडली. डोळ्यांच्या पापण्या अर्ध्यावर आल्या, जणू झोपेतून कुणी उठवलंय. तू ओढ्यावर जाऊन डोळ्यांवर गार पाणी मारलंस, तशा त्या पापण्या घटकाभर वर गेल्या.

"बघा, उघडलं का न्हाई डोळं!" सासूबाई बायांना म्हणाल्या. "नाटकं नुसती. सकाळी वाघीण आन् कामाची येळ झाली का वीकनेस."

तू त्यांच्याकडे बघून हसायला गेलीस, मन राखायला. पण तुझे ओठ वर जाईनात. नुसते दात दिसले, विचकल्यासारखे. सासूबाईंचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी एक देवऋषी आणून तुझ्यावरून लिंबू उतरवला. नाचणीची भाकरी तुला चावत नव्हती, म्हणून भात मागितलास, तर म्हणाल्या, "भाकरी कडू लागती म्हाराणीला."

मी मात्र वेगळ्याच शंकेत होते. ही सकाळी बरी असते आणि खाल्ल्या-प्यायल्यावर दिवसभरात ढासळत जाते. का? मी तुझ्या ताटातल्या आमटीचा वास घेतला. तू माझं मनगट धरलंस. संध्याकाळ होती, तुझा आवाज नाकातून येत होता, शब्द ओले झाल्यासारखे.

"सुमे, माझ्या ताटाचा वास घेऊ नको. त्यांनी बघितलं तर?"

"बघू दे! ते तुला काही घालत नाहीत ना?"

"वेडी का तू? माझ्या अंगातच काहीतरी आहे. पण कुणाला पटायचं नाही."

आक्का, एवढं तुला कळत होतं, तर माझ्याबरोबर पुण्याच्या डॉक्टरकडे का नाही आलीस? मी म्हटलं होतं. तू म्हणालीस, "आवणी उरकू दे." आवणी!

मी एकटीच घोडेगावला परतले, आणि आवणी उरकायच्या आधीच तुला ताप आला. खोकला झाला. कुणीतरी इंजेक्शन दिलं, ताकदीची बाटली चढवली. तळेघरचा निरोप्या दुपारी घोडेगावला आला आणि दारातूनच म्हणाला, "चला. आक्का गेली."

आई-आण्णा आणि मी पोहोचलो तेव्हा चितेच्या ज्वाळा खाली बसत आल्या होत्या. माहेरच्या माणसांना तोंडसुद्धा दाखवलं नाही! एवढी घाई कशाची? आईनं तुझ्या सासूची दोन्ही मनगटं धरली. "माझ्या पोरीला काय पाजलं? सांग!"

"आमी पाजलं?" सासूबाई ओरडल्या. "तिनंच पिलं! तोंडातनं फेस येत व्हता. भातावर मारायचं औषद व्हतं पडवीत."

"बाटली दाखव."

"टाकून दिली!"

आणि दाजी? तुझा नवरा खाली मान घालून उभा. सांग बरं, मी काय समजायचं? माणूस निर्दोष असेल तर बाटली कशाला टाकेल? आम्ही म्हणालो, त्यांनी घातलं. ते म्हणाले, तिनं घेतलं. पोलिसांत कुणीच गेलं नाही. राख झाल्यावर पुरावा तरी कशाचा? दोन्ही घरांचं येणं-जाणं, बोलणं तुटलं. राणी तिकडे राहिली. चार-पाच वर्षांची होती. "आई औषध पिऊन गेली" हे ऐकत वाढली. मी शाळेत जाऊन कधीमधी तिला भेटायचे, तेवढंच. तुझा विषय निघाला की ती दप्तराचा बंद पिळायला लागायची.

मी पुढं शिक्षिका झाले. जुन्नरला राहते, नारायणगावच्या शाळेत इंग्रजी शिकवते. हसू नकोस! पोरं 'वीक'च्या स्पेलिंगमध्ये आठवड्याला अशक्त करतात आणि अशक्ताला आठवडा. एकदा ती चूक दुरुस्त करता करता मला राग आला. म्हटलं, हा शब्द मुळात आला कुठून ते तरी बघू. माझ्या बहिणीच्या नावापुढं शेवटचा लागलेला शब्द तो.

कॉलेजच्या लायब्ररीतला जाडजूड शब्दकोश काढला. तिथं लिहिलं होतं, हा शब्द इंग्रजांचाही नाही. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या जुन्या भाषेतून त्यांच्याकडे आला. आणि त्याच्या मुळाशी अर्थ काय? वाकणारा. लवणारा. ज्याला दाबलं की जो वाकतो तो वीक. आपल्या वाकण्याशी किती जवळचा आवाज! खरं नातं आहे की नुसता योगायोग, मला ठाऊक नाही. शब्दांच्या नात्यावरही मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. पण खाचरात वाकलेली तू डोळ्यांसमोर आलीस आणि मी कोश मिटला. वाकणं हा काय आजार झाला? तू वाकत नव्हतीस, तू गळून पडत होतीस. म्हणजे शब्द चुकीचा होता. डॉक्टरनं काहीतरी दडवलं होतं, अशी माझी पक्की खात्री झाली.

आता कोंडीभाऊंचं ऐक. त्यांच्यामुळंच हे पत्र.

कोंडीभाऊ नारायणगाव-जुन्नर जीप चालवतात. पन्नाशी उलटलेला माणूस, शांत. मी रोज शाळा सुटल्यावर त्यांच्याच जीपनं घरी येते. गेल्या वर्षी पॅसेंजर कुजबुजायला लागले, "पिऊन चालवतोय. डोळं बघा त्याचं." खरंच, संध्याकाळच्या फेरीला त्यांचे डोळे अर्धे मिटलेले, बोलणं जड. एक डोळा बंद करून गाडी हाकायचे! बायका त्यांच्या जीपमध्ये बसेनात. मी मुद्दाम पुढच्या सीटवर बसून वास घ्यायचे. तू जाणतेसच, वास घेण्यात मी तरबेज. दारूचा वास कधीच आला नाही.

एका संध्याकाळी स्टँडवर ते जीपच्या सीटवरच बसून वडापाव खात होते. खात कसले, अर्ध्यावर थांबले होते. आणि हनुवटीखाली हात घालून जबडा वर ढकलत होते.

आक्का, माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"कोंडीभाऊ," मी विचारलं, "सकाळी कसं असतं तुम्हाला?"

"सकाळी? सकाळी म्या वाघ असतो बाई. दिस कलला का मेणावानी व्हतो. आन् लोकं म्हनत्यात पितो! आयुष्यात थेंब घेतला न्हाई, आईची आन."

"एक डोळा का मिटता?"

"येका रस्त्याचं दोन दिसत्यात. येक मिटला का येक ऱ्हातो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वीकनेस हाय म्हनं."

मी जी तापले! "उतरा खाली," म्हटलं. "आजपासून संध्याकाळी गाडी चालवायची नाही. आणि आपण पुण्याला जायचं."

त्यांच्या बायकोला माझाच संशय. "ह्या मास्तरीनबाईला एवढं काय पडलंय तुमचं?" असं तिनं माझ्यासमोरच त्यांना विचारलं. बरोबर आहे तिचं, मीही विचारलं असतं. शेवटी ती बरोबर आली, माझ्यावर नजर ठेवायला.

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही मुद्दाम दिवस कलल्यावर आत गेलो. सकाळपासून बाहेर बसून राहिलो होतो. ही माझी अट! तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कोंडीभाऊंना छताकडे बघायला लावलं. बघता बघता पापण्या खाली आल्या, दुकानाचं शटर ओढल्यासारख्या. त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "थांबा थोडं."

आम्ही थांबलो. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. आणि आक्का, त्या पापण्या वर आल्या. आधी डावी, मग उजवी. पूर्ण उघड्या! कोंडीभाऊ समोर बघत राहिले आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "अगं, तू येकच हायेस की!"

त्यांची बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी बाहेर व्हरांड्यात गेले.

नंतर डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं. मायस्थेनिया ग्रेव्हिस. अर्थ विचारला तर म्हणाल्या, "स्नायूंचा गंभीर अशक्तपणा. नसेकडून स्नायूला निरोप नीट पोचत नाही. वापरलं की थकतात, विश्रांती दिली की परत येतात."

अशक्तपणा! म्हणजे डॉक्टरनं काही दडवलं नव्हतंच. शब्द खरा होता, फक्त त्याच्या पुढं कुणी गेलं नाही. मी घरी येऊन ते नावही शोधलं. मायस्थेनिया म्हणजे 'मायो', स्नायू, आणि 'अस्थेनिया', शक्ती नसणं. त्यातला तो ग्रीकांचा 'अ' आपल्या अशक्तमधल्या 'अ'सारखाच, नाही म्हणणारा. आणि ग्रेव्हिस म्हणजे भारी, जड. मला शोधून शोधून मिळालं काय, तर जड झालेली वीकनेस.

मी डॉक्टरीणबाईंना तुझं सगळं सांगितलं. पापण्या, भाकरी, नाकातला आवाज, ओढ्याचं गार पाणी, ते दात विचकणं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पेशंट बघितल्याशिवाय मी नक्की सांगू शकत नाही. पण सगळं जुळतंय. तापात हे एकदम वाढतं. लाळ गिळता येत नाही, ती तोंडातून बाहेर येते. श्वासाचे स्नायू थकतात."

"लाळ? फेसासारखी?"

"हो, तसंही दिसू शकतं."

"तेव्हा यावर औषध होतं?"

"गोळ्या होत्या," म्हणाल्या.

होत्या, आक्का. तळेघरहून एका दिवसाच्या वाटेवर होत्या.

गेल्या रविवारी मी तुझ्या सासरी गेले. इतक्या वर्षांनी. दाजी पडवीत होते, केस पिकलेत. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "बाटलीचं खरं सांगा."

त्यांनी आधी अंगणात कुणी आहे का बघितलं. मग म्हणाले, "भरल्याली व्हती. बूच बी निघालं नव्हतं."

"मग टाकली का?"

"पोलिसाच्या भ्यानं. भरल्याली हाय म्हनून कोन ऐकनार व्हतं? मला वाटलं, दुसरंच कायतरी पिली आसंल."

खरं बोलत होते का? मी त्यांचे डोळे बघत राहिले. सांगता येत नाही, आक्का. तुझ्यासाठी जीप बोलावायला त्या दिवशी कुणी का धावलं नाही, हा प्रश्न माझ्या मनात अजून आहे, आणि तो मी त्यांना विचारलाही. ते उठून गोठ्याकडे निघून गेले.

आतून राणी आली. आता उंचीनं माझ्याएवढी झालीय. तिला समोर बसवून मी सगळं सांगितलं. कोंडीभाऊंचंही सांगितलं. "नक्की कुणालाच सांगता येणार नाही," हेही सांगितलं. ती ऐकत होती. मग विचारलं, "मावशी, म्हणजे तिला जायचं नव्हतं?"

"नव्हतं. आवणी उरकली की पुण्याला यायचं म्हणत होती."

कोपऱ्यात तुझ्या सासूबाई होत्या. आता नीट ऐकू येत नाही त्यांना. "ही कशाला आली? काय पायजे हिला?" असं दोनदा विचारून झालं होतं. राणी त्यांच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "आजी, आईला आजार व्हता. तिला हसता बी येत नव्हतं."

म्हातारीनं तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, मला वेडावती."

बस्स, एवढंच. त्यांनी माफी मागितली नाही, आणि मीही त्यांना ती दिली नाही. तुला द्यायची असेल तर तू दे.

राणी मला एसटीपर्यंत सोडायला आली. वाटेत ती तुझ्याबद्दल विचारायला लागली, पहिल्यांदाच. आई कशी चालायची? कुणावर रागवायची का? पोहायला यायचं का तिला? एसटी आली तरी तिचे प्रश्न संपेनात. मी कंडक्टरला हात केला आणि गाडी जाऊ दिली.

तर आक्का, तुला एक वचन देते. दिवाळीच्या सुट्टीत राणी जुन्नरला माझ्याकडे येणार आहे. तिला मी तू जशी होतीस तशी सांगेन. हट्टी, चपळ, लपवाछपवी करणारी, आणि मरायची अजिबात घाई नसलेली. देवी करून सांगणार नाही. आणि जे मला माहीत नाही, ते माहीत नाही म्हणून सांगेन. त्या पोरीच्या वाट्याला आजवर लोकांचे अंदाजच आले. माझा तरी त्यात आणखी एक नको.

तुझी,
सुमी